सीगफ्रीडची हाक आणि 'लास्ट पोस्ट' एकाच आठवड्यात: हॉर्नवाल्याने तयारी कशी करावी?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. मी डबल फ्रेंच हॉर्न (एफ आणि बी-फ्लॅट अशा दोन लांबीच्या नळ्यांचा) वाजवते. ऑर्केस्ट्रात बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा चौथ्या खुर्चीवर असते, त्यामुळे सवय खालच्या स्वरांची. नोव्हेंबरमध्ये दोन कामं लागून आली आहेत आणि दोन्हींत एकटीनेच वाजवायचं आहे.

पहिलं काम खडकीच्या युद्ध स्मशानभूमीतल्या सकाळच्या स्मरण कार्यक्रमाचं. बिगुलावर 'लास्ट पोस्ट' (मृत सैनिकांच्या स्मरणार्थ वाजवायची धून), मग दोन मिनिटं स्तब्धता, मग 'राउझ' (स्तब्धता संपवणारी धून). बिगुल ब्रिटिश पद्धतीचा, तांब्याचा, बी-फ्लॅटमधला, बिनव्हॉल्व्हचा. त्यानंतर सहा दिवसांनी मुंबईत वाग्नरच्या 'सीगफ्रीड' या ऑपेरामधला दुसऱ्या अंकातला जंगलाचा प्रवेश आहे, अर्धमंचित. टेनर (सीगफ्रीडची भूमिका करणारा गायक) रंगमंचावर शिंग ओठाला लावणार आणि ती लांबलचक हाक मी विंगेतून वाजवणार.

विचारायचं असं: हॉर्नला सरावलेले ओठ बिगुलावर कसे वळवायचे, आणि माउथपीस कोणता? विंगेत नेमकं कुठे, कोणाकडे तोंड करून उभं राहायचं? सकाळच्या गारठ्यात आणि एसी थिएटरात सूर कसा राखायचा? आणि तासभर गप्प बसून एकदम वाजवायचं असेल तर आधी काय करायचं? प्रत्यक्ष उपयोगी पडेल असं काहीही सांगा.

कदमताल

ताई, आधी बिगुलाचं सांगतो. ऑपेराचं इथले दुसरे जाणकार सांगतील.

दोन्ही कामं वेगळी वाटतात, पण दोन्हींची वरची हद्द एकाच स्वरावर येते. बिगुलाचा वरचा पंचम, म्हणजे लिहिलेला जी, प्रत्यक्षात एफ वाजतो, सुमारे ६९८ हर्ट्झ. सीगफ्रीडच्या हाकेच्या शेवटी लिहिलेला वरचा सी हाही एफ हॉर्नवर तोच एफ आहे. ओठांनी तितकाच कंप द्यायचा. बदलते ती नळीची लांबी. बिगुलाची नळी साधारण १३७ सेंटीमीटर, हॉर्नची बी-फ्लॅट बाजू त्याच्या दुप्पट म्हणजे २७५च्या आसपास, आणि एफ बाजू सुमारे ३७०. म्हणून हा एकच स्वर बिगुलावर सहावा हार्मोनिक (बोट न दाबता एकाच नळीतून निघणाऱ्या स्वरांच्या मालिकेतला सहावा), बी-फ्लॅट बाजूवर बारावा आणि एफ बाजूवर सोळावा ठरतो.

बिगुलाचे कामाचे स्वर पाच: सा, प, सां, गं, पं. दुसऱ्यापासून सहाव्या हार्मोनिकपर्यंत. हॉर्नच्या लिपीत ते एफ, सी, एफ, ए, सी असे पडतात, म्हणजे सगळा मामला पहिल्या हॉर्नच्या खुर्चीचा. चौथ्या खुर्चीवरून येणाऱ्याला पहिला धक्का इथेच बसतो.

बी-फ्लॅट बाजू बिगुलाच्या बरोबर दुप्पट असल्यामुळे 'लास्ट पोस्ट' आणि 'राउझ' दोन्ही हॉर्नवर एकही बोट न दाबता वाजवता येतात. अंगठ्याने बी-फ्लॅट बाजू धरा, बाकी तीन बोटं मोकळी. तिथे तुम्ही चौथा, सहावा, आठवा, दहावा आणि बारावा हार्मोनिक वापरत असाल, आणि मधले पाचवा, सातवा, नववा, अकरावा टाळत असाल. ओठ जरा चुकला की याच मधल्यांपैकी एखादा वाजतो आणि चूक कुठल्या बाजूची ते लगेच कळतं. सातवा किंवा नववा वाजला तर हवा कमी पडली की ओठ जास्त आवळले, हे तिथेच शोधा. हॉर्नवर हा कॉल स्वच्छ यायला लागला की बिगुलावर स्वर चुकण्याची भीती जवळजवळ संपते, कारण तिथे शेजारचे स्वर खूप लांब आहेत.

बिगुलावर घात होतो तो वेगळ्या कारणाने. 'लास्ट पोस्ट'ची सुरुवातच सा वरून प वर झेप घेऊन होते. हॉर्नवाले सवयीने ओठ बारीक करून ही झेप घेतात. बिगुलावर तिथे हवेचा वेग लागतो, नाहीतर स्वर वर जातच नाही, खालच्या सा वरच घरंगळतो. त्यामुळे या झेपेचा स्वतंत्र सराव करा: पोटातून हवा, जीभ हलकी, आणि वरचा प लागल्यावर आवाज न फुगवता सरळ धरणं. ब्रास बँडमधली मंडळी हा लांबवलेला स्वर थरथरवतात. समारंभात तो सपाटच हवा.

गांधाराचं एक नक्की लक्षात ठेवा. बिगुलाचा ग हा पाचवा हार्मोनिक, म्हणजे तंबोऱ्यात ऐकू येतो तोच स्वयंभू गांधार. पियानोच्या गांधारापेक्षा तो १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असतो. ऑर्केस्ट्रावाल्याचा कान त्याला उचलायला बघतो. उचलू नका. साथीला कोणी नाही, तो आहे तिथेच सुंदर लागतो, आणि उचलायला गेलं की आवाज आक्रसतो.

माउथपीस बिगुलाचाच घ्या. हॉर्नचा माउथपीस अडॅप्टर लावून बसवणारे असतात, पण त्याचा आतला आकार खोल नरसाळ्यासारखा असल्याने पाच स्वरांची आपसातली अंतरं बिघडतात आणि आवाज मिणमिणीत होतो. मोकळ्या मैदानात तो पोचत नाही. बिगुलाच्या माउथपीसची कड जाड असते. त्यावर ओठांची दोन भाग वर, एक भाग खाली ही हॉर्नची ठेवण हट्टाने धरू नका, बसेल तसं बसू द्या. रोज हॉर्नचा सराव झाल्यावर पंधरा मिनिटं थांबून मग दहा मिनिटं बिगुल. शेवटचे चार दिवस क्रम उलटा, कारण त्या सकाळी ओठांना आधी हॉर्न मिळणार नाही.

आता गारठा. हवेचं तापमान एका अंशाने उतरलं की वाद्याचा सूर सुमारे ३ सेंट खाली येतो. खोलीत २५ अंशांना मिळवलेला बिगुल पहाटे १५ अंशांना हिशेबाने ३० सेंट खाली जाईल. श्वासाने नळी थोडी तापते, म्हणून प्रत्यक्षात उतार कमी असतो, पण पहिला स्वर थंड नळीतच वाजतो. एकटंच वाजवायचं असेल तर बिघडत नाही. बँड पाठोपाठ राष्ट्रगीत वाजवणार असेल किंवा दुसरा बिगुलर जोडीला असेल, तरच मिळवत बसा. बिगुलावर माउथपीस १ सेंटीमीटर बाहेर ओढला की सूर १२-१३ सेंट उतरतो. चढवायला मात्र काही उपाय नाही, म्हणून दोघांपैकी खालच्या बिगुलाला धरून वरचा उतरवायचा.

पिट_तळघर

जर्मनीतल्या ऑपेरा पिटच्या (रंगमंचासमोरची वादकांची खोलगट जागा) अनुभवावरून लिहितो. मंद्रसप्तक, सीगफ्रीडच्या हाकेत दोन माणसं मिळून एक वाद्य वाजवत असतात, हे आधी ठरवून टाका. वाजवणाऱ्याने आणि टेनरने एकाच स्वरलिपीवर श्वासाच्या खुणा करायच्या. तुम्ही श्वास घेता तिथे त्याचे खांदे उचलले गेले पाहिजेत आणि त्याने शिंग ओठावरून काढलं की तुमचा स्वर संपलेला असला पाहिजे. लांबवलेल्या स्वरांवर सीगफ्रीड आशेने पक्ष्याकडे बघतो, अशी सूचना वाग्नरने लिहूनच ठेवली आहे. त्या स्वरांची लांबी टेनरच्या नजरेने ठरते. तो मान वळवेपर्यंत धरा, मेट्रोनोम विसरा.

म्हणून उभं राहायची जागा अशी निवडा की टेनर थेट डोळ्यांना दिसेल. मॉनिटरवर विसंबू नका. साध्या डिजिटल कॅमेऱ्या-पडद्याच्या जोडीत चित्र तीन फ्रेम मागे पडलं तरी ०.१२ सेकंद गेले, आणि तेवढ्या वेळात आवाज ४० मीटर जातो. हाक पूर्ण एकट्याची असल्याने ऑर्केस्ट्राशी ताल जुळवायचा नाही, हे तुमचं भाग्य. पण टेनरच्या हालचालीशी एवढा उशीर प्रेक्षकाला दिसतो. सुरुवातीचा इशारा साहाय्यक कंडक्टरने विंगेत उभं राहून हाताने द्यावा, किंवा क्यू-लाइट (इशाऱ्याचा दिवा) लावून घ्या. पिटचा आवाज विंगेत आणणाऱ्या स्पीकरवरून सूर मिळवू नका, ताल तर नाहीच.

उभं राहताना पाठ रंगमंचाकडे, कारण हॉर्नची बेल (रुंद तोंड) मागे उघडते. पण मग टेनर दिसणार कसा? उपाय म्हणजे तिरकं उभं राहणं: बेल विंगेच्या फटीकडे, मान डाव्या खांद्यावरून वळवलेली. किंवा समोर एक मोठा आरसा. काळ्या जाड पडद्यांपासून बेल निदान दोन मीटर लांब हवी, ते वरचे हार्मोनिक गिळून टाकतात आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा होतो. मागे लाकडी फळी मिळाली तर उत्तम. टेनर ज्या बाजूला असेल त्याच बाजूची विंग घ्या. डावीकडे शिंग आणि उजवीकडून आवाज असं झालं की सगळा प्रवेश उघडा पडतो.

पडद्यामागून वाजवायच्या हॉर्नचे दोन प्रकार असतात आणि त्यांची गल्लत होते. 'ट्रिस्टन'च्या दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला राजाची शिकार दूर जाताना सहा हॉर्न पडद्यामागून वाजतात, 'टानहॉयझर'च्या पहिल्या अंकात बारा. तिथे अंतर ऐकू यायला हवं. ते हळू वाजवून येत नाही. वादकांनी पूर्ण आवाजात वाजवत मागे सरकायचं, मग एखादं दार बंद करायचं. सीगफ्रीडमध्ये उलट आहे. आवाज टेनरच्या हातातल्या शिंगातून आल्यासारखा वाटायला हवा, म्हणजे जवळ, धीट, कडा स्पष्ट. टेनरपासून सहा-सात मीटरच्या आत राहा.

सूर: विंगेतली हवा प्रेक्षागृहापेक्षा थंड असते आणि दुरून येणारा आवाज तसाही जरा उतरलेला भासतो. म्हणून विंगेतला वादक थोडा चढाच मिळवतात. किती, ते तालमीत प्रेक्षागृहात बसलेल्या कानाने सांगायचं, विंगेत उभ्या असलेल्याने नाही. ऑर्केस्ट्राचा ए ४४० की ४४२ हेही विचारा. त्या दोनमध्ये ८ सेंटचा फरक आहे. स्लाइड १ सेंटीमीटर ओढली की नळी २ सेंटीमीटरने वाढते, म्हणून एफ बाजूवर साधारण ९ सेंट, बी-फ्लॅट बाजूवर १२ च्या वर, असा अंदाज ठेवा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मिळवा, कारण हाकेत तुम्ही दोन्ही वापरणार.

आणि शेवटचा सी बी-फ्लॅट बाजूवर मोकळाच घ्या. एफ बाजूवर त्याचे शेजारी, पंधरावा आणि सतरावा, जेमतेम अर्ध्या स्वरावर बसलेले असतात. बी-फ्लॅटवर अकरावा आणि तेरावा त्याहून लांब आहेत. हाकेचा वेग वाढत जातो, त्यामुळे सुरुवात जेवढी दिमाखदार कराल तेवढी शेवटाला जागा उरत नाही. आधी शेवटचे आठ-दहा बार तुम्हाला स्वच्छ येतील तो वेग ठरवा आणि तिथून मागे मोजत सुरुवातीचा वेग काढा. मधल्या संथ वीर-स्वरावलीत खांदे सोडा, लांब श्वास घ्या. तिथे घाई करणारे वरच्या सी पर्यंत कोरडे पोचतात.

मंद्रसप्तक

दोघांचेही मनापासून आभार. बोटं न वापरता बी-फ्लॅट बाजूवर 'लास्ट पोस्ट' वाजवायची कल्पना फार कामाची आहे. आणखी दोन शंका. वरचा सी मला रोज लागतो, पण थकल्यावर नाही. अशा वेळी ही हाक पहिल्या किंवा तिसऱ्या हॉर्नकडे द्यावी का? आणि स्तब्धतेची दोन मिनिटं बिगुल हातात धरून निश्चल उभं राहायचं असतं, त्यात ओठ आणि माउथपीस दोन्ही गार पडतात. त्याचं काय करायचं?

रोटरी

पहिल्या शंकेवर. चार हॉर्नच्या विभागात पहिला आणि तिसरा वरचे, दुसरा आणि चौथा खालचे अशी वाटणी असते, पण विंगेतल्या एकट्या कामाला ती लागू करायचं कारण नाही. उलट पहिल्या हॉर्नला त्याच संध्याकाळी पिटमध्ये बराच भार असतो. पिटमध्ये न बसलेल्या ताज्या माणसाने हाक वाजवणं हेच शहाणपणाचं. कसोटी अशी लावा: तालमीच्या वेळापत्रकाप्रमाणे तासभर गप्प बसून, फक्त तीन-चार मिनिटं ओठ तापवून, पूर्ण हाक सलग वाजवा. आठवडाभर हे रोज एकदा. सी वरचा डी तुमच्या हाताशी असेल आणि हाक रोज स्वच्छ येत असेल तर काम तुमचंच. दोन-तीनदा फुटली तर आत्ताच सांगून टाका, तालमी सुरू झाल्यावर नको.

कदमताल यांच्या एका गोष्टीशी सहमत नाही. रोज बिगुल नको. जाड कडेच्या माउथपीसवरून हॉर्नच्या बारीक कडेवर परत यायला ओठांना वेळ लागतो, आणि तुमचं मोठं काम समारंभानंतर सहा दिवसांनी आहे. समारंभापर्यंत एक दिवसाआड बिगुल पुरे. तो झाला की बिगुल पेटीत, पुढचे दोन दिवस हॉर्नवर फक्त मधल्या सप्तकात लांब, हळू स्वर. तिसऱ्या दिवसापासून हाक.

विंगेत वाट बघताना सरावाचा म्यूट (आवाज दाबणारं बूच) वापरावा लागेल, पण त्याने उलटा दाब वाढतो आणि सूरही हलतो. शेवटची पाच मिनिटं तरी लांबच्या खोलीत म्यूटशिवाय वाजवायला मिळतील अशी सोय मागून घ्या. उभ्यानेच तापवा. बसून मांडीवर बेल टेकवायची सवय असेल तर उभं राहिल्यावर माउथपीसचा कोन बदलतो आणि वरचे स्वर पहिल्यांदा तिथेच दगा देतात. उजव्या हाताचं पण बघा: आवाज उजळ करायला हात उघडला की सूर चढतो. तालमीत जितका उघडाल तितकाच प्रयोगात.

पाणी हे हाक बिघडायचं सगळ्यात फालतू आणि सगळ्यात नेहमीचं कारण. आत जाण्याआधी तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड, मुख्य स्लाइड, मग पूर्ण हॉर्न फिरवून लीडपाइपमधलं (माउथपीसलगतच्या नळीतलं) पाणी काढा. लांबवलेल्या स्वरात गुरगुर आली तर ती शेवटच्या रांगेत ऐकू येते. एसीमध्ये दाट तेलाने रोटर (फिरते व्हॉल्व्ह) जड होतात, तेव्हा आदल्या दिवशी पातळ तेलाचे दोन-तीन थेंब प्रत्येक स्लाइडमधून. त्याच दिवशी नको. तेल आणि स्लाइडचं ग्रीस मिसळून व्हॉल्व्ह चिकटतात.

जाता जाता: पुढे पिटमध्ये बसायची वेळ आली तर टिंपनीच्या (मोठ्या नगाऱ्यांच्या) समोर पाठ करून बसू नका. टिंपनीचा धक्का बेलमधून आत शिरून ओठांपर्यंत पोचतो आणि नेमका मोठ्या आवाजाच्या जागी स्वर फोडतो. जागा बदलता येत नसेल तर मध्ये पारदर्शक फळी मागा. हे मागायला लाजायचं नसतं.

कदमताल

एक दिवसाआड हे पटलं. ताईंचं मुख्य काम सहा दिवसांनी आहे, तेव्हा रोटरी म्हणतात तेच करा.

आता दोन मिनिटांची स्तब्धता. 'लास्ट पोस्ट' संपला की बिगुल खाली येतो. खाली आणताना उजव्या हाताची पकड अशी घ्या की तर्जनी आणि अंगठा माउथपीसच्या मुळाशी येतील. तेवढ्या उबेने कड बर्फासारखी होत नाही. पांढरे हातमोजे असतील तर पातळ सुती घ्या, जाड मोज्यातून ऊब जात नाही आणि गुळगुळीत तांबं निसटतं. श्वास नाकाने. ओठ मिटलेले, आतून जिभेने ओले ठेवायचे, बाहेरून दिसू द्यायचे नाहीत. लिप बाम लावायचा तर तासभर आधी, आणि उभं राहण्यापूर्वी पुसून. तुपकट ओठावर माउथपीस सरकतो. स्तब्धतेचे शेवटचे वीस सेकंद मनात 'राउझ'चा पहिला स्वर ऐका. तो ऐकल्याशिवाय बिगुल वर न्यायचा नाही.

समारंभाआधी बंदुकीच्या फैरींची सलामी असेल तर जागा बदलून मागा. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनला २५ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या दफनाच्या वेळी अमेरिकन लष्करी बँडचे सार्जंट कीथ क्लार्क यांनी 'टॅप्स' (अमेरिकेतला लष्करी अंत्यविधीचा बिगुल कॉल) वाजवला. बराच वेळ थंडीत उभं राहिल्यावर, जवळच फैरी झडल्यावर लगेच. २४ स्वरांपैकी सहावा फुटला. तो सहावा स्वर गांधार आहे, पाचवा हार्मोनिक, पहिल्यांदाच इतका वर जाणारा. निष्णात वादक होते ते. कानात दडे बसले की स्वतःचा सूर आतून ऐकू येत नाही आणि गार ओठाला पहिली चढण झेपत नाही, इतकंच त्यातून घ्यायचं. फैरी असतील तर बिगुलर बाजूला आणि लांब, आणि कानात कापसाऐवजी फोमचे बोळे. एकाच कानात घातला तरी चालतो, दुसऱ्याने आज्ञा ऐकायची.

वारा पाठीवर किंवा बाजूने घ्या, तोंडावर नाही. समोरून वारा आला की ओठ कोरडे पडतात आणि आवाजही मागेच राहतो. बेल आडवी किंवा किंचित वर. खाली झुकलेली बेल पहिल्या रांगेलाच ऐकवते.

कोणी बिगुलात बसवायच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचा सल्ला देईल. अमेरिकेत लष्करी अंत्यसंस्कारांना बिगुलर पुरत नाहीत म्हणून २००३ पासून असं यंत्र वापरतात. दुसरं कोणीच नसेल तिथे ते समजण्यासारखं आहे. पण वाजवणारी व्यक्ती हजर असताना मी ते कधीच सुचवणार नाही. ज्यांच्यासाठी हा कॉल आहे त्यांना जिवंत श्वास द्यायचा असतो.

शेवटचं, आणि हे आजच करा. आयोजकांकडून दोन्ही कॉलची छापील स्वरलिपी मागवा. 'राउझ' आणि 'रेव्हेली' हे वेगळे कॉल आहेत. कार्यक्रमपत्रिकेत सर्रास 'रेव्हेली' छापतात आणि अपेक्षा 'राउझ'ची असते. कोणता हवा ते लेखी घ्या, आणि 'लास्ट पोस्ट'च्या आधी इशारा कोण देणार, सूत्रसंचालक की परेड कमांडर, तेही त्याच पत्रात विचारून घ्या.